मोजणाऱ्या नळीचा हिशेब कोण ठेवणार?

निपाणीच्या जुन्या माणसाला हवेची परीक्षा करायला यंत्र लागत नसे. हंगामात तंबाखूच्या वखारींच्या बोळातून जाताना ठसका लागला, डोळे चुरचुरले, की आत चाळण सुरू आहे हे कळायचे. ज्या बायाबापड्यांनी उभा जन्म त्या वखारींत तंबाखू कुटण्या-चाळण्यात घालवला, त्यांच्या छातीत किती धूळ गेली याची नोंद मात्र कोणत्याही वहीत सापडणार नाही. १९८१ साली तंबाखूच्या भावासाठी शेतकरी निपाणीच्या रस्त्यावर बसला, गोळीबार झाला, शेतकरी हुतात्मे झाले. त्याच १९८१ साली या देशात हवा प्रदूषण प्रतिबंधाचा कायदाही झाला. भावाची लढाई आपल्या घराघरांत आठवली जाते. हवेच्या कायद्याची आठवण किती जणांना आहे? ज्याची मोजदाद झाली नाही त्याचा दावा लावता येत नाही. वखारीतल्या बायांच्या बाबतीत नेमके हेच झाले.

आता काळ बदलला आहे. मोजणारी यंत्रे आली आहेत. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने ५ फेब्रुवारी २०१४ रोजी राज्य मंडळांना आदेश दिला, की जास्त प्रदूषण करणाऱ्या १७ प्रकारच्या उद्योगांनी धुराडी आणि सांडपाणी यांवर सतत मोजणी करणारी ऑनलाइन यंत्रे बसवावीत आणि आकडे थेट मंडळाकडे पाठवावेत. या १७ प्रकारांत साखर कारखाने आहेत, डिस्टिलरी आहेत, अॅल्युमिनियम आहे. तिन्ही आपल्या बेळगाव जिल्ह्यात आहेत. वीसहून अधिक साखर कारखाने असलेला हा जिल्हा आहे. आपल्या वाडवडिलांनी ज्याला ‘इंडाल’ म्हटले तो यमनापूरचा कारखाना शहराच्या उंबरठ्यावर आहे. तेव्हा हा आदेश आपल्यासाठी महत्त्वाचा होता आणि आम्हीही त्याचे मनापासून स्वागत केले होते.

परंतु गेल्या काही दिवसांत एक गोष्ट आमच्या ध्यानात आली आणि ती सीमाभागातील बंधू-भगिनींच्या कानावर घालावी असे वाटले. ती अशी, की मोजणाऱ्या यंत्रातूनही वायू बाहेर पडतो आणि त्याचा हिशेब सहसा कोणी विचारत नाही.

यंत्र काय करते?

या यंत्राला कारखान्यात ‘अॅनालायझर’ म्हणतात. त्याचे बरेचसे प्रकार असे चालतात : मुख्य पाइपातून किंवा धुराड्यातून एका बारीक नळीने थोडा वायू ओढून घ्यायचा, गाळायचा, थंड करायचा, त्याचा दाब कमी करायचा आणि यंत्रात सोडायचा. यंत्र त्यात कोणता घटक किती आहे ते सांगते. एवढे झाल्यावर तो वायू जातो कुठे? बहुधा दुसऱ्या एका नळीने बाहेर. या नळीला ‘व्हेंट’ म्हणतात. त्यातही आकडा ताजा यावा म्हणून गरजेपेक्षा जास्त वायू वेगाने ओढला जातो आणि उरलेलाही सोडून द्यावा लागतो. यंत्राची पडताळणी करताना सिलिंडरमधला ठरावीक वायू आत सोडतात, त्याचीही वाट तीच.

इथे एक फरक सांगणे प्रामाणिकपणाचे ठरेल. साखर कारखान्याच्या बॉयलरच्या धुराड्यावर बसवलेले यंत्र जो धूर ओढते, तो धूर नाहीतरी आकाशातच जाणार होता. त्या यंत्रामुळे हवेत नवी भर पडत नाही. प्रश्न उरतो तो एवढाच, की उंच धुराड्यातून जाणारी गोष्ट डोक्याच्या उंचीवर किंवा बंद खोलीत सोडली जात नाही ना. परंतु जिथे यंत्र प्रक्रियेच्या आतला वायू तपासते, म्हणजे रसायनाची वाफ, ज्वालाग्राही वायू, विषारी वायू, तिथे तो एरवी पाइपातच राहिला असता. तो हवेत येतो तो केवळ मोजणीसाठी. खरा प्रश्न या दुसऱ्या प्रकाराचा आहे.

कोणी म्हणेल, बारीक नळी ती, तिचे काय एवढे! आम्ही वाणिज्य शाखेचे, आकडेमोड हाच आमचा व्यवसाय, म्हणून साधा गुणाकार करून पाहिला. एका नळीतून मिनिटाला एक लिटर वायू जातो असे धरू. दिवसाला १,४४० लिटर झाले. यंत्र वर्षभर बंद नसते, म्हणजे वर्षाला ५,२५,६०० लिटर, सव्वापाचशे घनमीटर. मोठ्या रसायन कारखान्यात अशा ५० नळ्या असतील तर २६ हजार घनमीटरांच्या वर. बँकेत दिवसाअखेरीस एका रुपयाचा फरक आला तरी तो सापडल्याशिवाय आम्हाला घरी जाता येत नाही. रुपया मोठा नसतो, पण फरक सोडून देण्याची सवय लागली की पुढे लाखाचाही फरक सुटतो. या नळ्यांचा वायू म्हणजे असाच रोज सोडून दिलेला फरक आहे.

आपल्या दारातली गोष्ट

हे सगळे मुंबई-गुजरातचे, आपल्याकडे कुठे असे कारखाने, असे समजून पान उलटू नका. आपल्याकडच्या डिस्टिलरींमधून जे तपकिरी सांडपाणी निघते, ज्याला स्पेंटवॉश म्हणतात, त्यापासून अनेक ठिकाणी बायोगॅस करतात. ऑक्टोबर २०१८ मध्ये केंद्र सरकारने दाबलेल्या बायोगॅसची ‘सतत’ नावाची योजना आणल्यापासून साखर कारखान्यांच्या प्रेसमडपासूनही गॅस करण्याचे प्रकल्प पुढे येत आहेत. चांगली गोष्ट आहे. मळीतून आणि मळातून पैसा निघत असेल तर ऊस उत्पादकाला तो हवाच आहे. पण या गॅसमध्ये मिथेनबरोबर हायड्रोजन सल्फाइड असतो. स्पेंटवॉशच्या कच्च्या गॅसमध्ये तो शेकडा एक-दोन टक्के, कधी त्याहून जास्त असतो. गॅस इंजिनात किंवा सिलिंडरमध्ये जाण्याआधी हे प्रमाण मोजावेच लागते, म्हणून तिथे अॅनालायझर येतो आणि त्याबरोबर व्हेंटची नळी येते.

आमच्या ओळखीतला निपाणी भागातील एक मुलगा आयटीआय करून अशाच एका ठिकाणी कामाला आहे. ठिकाणाचे नाव लिहीत नाही, कारण त्याची नोकरी आम्हाला हवी आहे. गेल्या दिवाळीत घरी आला तेव्हा सांगत होता, “काका, रातपाळीला केबिनमध्ये बसलं की पहाटे डोकं ठणकायचं. आधी वाटलं झोप नाही म्हणून. एकदा पॅनेलच्या मागं बघितलं तर व्हेंटची नळी भिंतीबाहेर नेलीच नव्हती, आतच सोडलेली. एसी म्हणून खिडकी बंद.” वरिष्ठांना सांगितले तर पहिला प्रश्न आला, “रीडिंग बरोबर येतंय ना?” रीडिंग बरोबर येत होते. नळी बाहेर काढायला पुढे दोन आठवडे गेले आणि काम होते अर्ध्या दिवसाचे.

त्याच्या बोलण्यावरून आम्ही पुन्हा कागद घेतला. केबिन तीन मीटर लांब, तीन रुंद, तीन उंच धरली तर आत २७ हजार लिटर हवा मावते. नळीतून मिनिटाला एक लिटर गॅस येतो आणि त्यात एक टक्का हायड्रोजन सल्फाइड आहे असे धरू. वारा मुळीच खेळत नसेल तर अर्ध्या तासाच्या आत केबिनमधले प्रमाण दहा लाखांत दहा भागांवर, म्हणजे १० पीपीएमवर जाते. कारखाने अधिनियमाने आठ तासांच्या पाळीसाठी घातलेली मर्यादा हीच होती. साडेचार तासांत ते १०० पीपीएमवर जाते, आणि ती जिवाला तत्काळ धोक्याची पातळी मानली जाते. म्हणजे रातपाळी संपायच्या आत! खरी केबिन इतकी हवाबंद नसते, फटी असतात, दार उघडते-मिटते, म्हणून तो मुलगा डोकेदुखीवर सुटला. या वायूला आधी कुजक्या अंड्याचा वास येतो, पण प्रमाण १०० पीपीएमच्या आसपास गेले की नाक बधिर होते आणि वास येणेच थांबते. वास गेला म्हणजे धोका गेला असे समजून माणूस तिथेच बसून राहतो. वखारीतला ठसका निदान सांगून तरी यायचा.

उपाय आहेत, विचारणारे हवेत

इंजिनियर लोक मुद्दाम कोणाचे वाईट करतात असे आमचे म्हणणे नाही. नळी हवेत सोडण्यामागे त्यांचे एक कारण असते. व्हेंटच्या टोकाशी दाब कमी-जास्त झाला की यंत्राचा आकडा हलतो. उसाच्या वजनकाट्यावर गाडी हलत असेल तर काटा स्थिर राहत नाही, तसेच हे. मोकळ्या हवेचा दाब फारसा बदलत नाही, म्हणून तिथे सोडणे सोपे पडते. पण सोपे आहे म्हणून तेच योग्य, असे होत नाही. काटामारीविरुद्ध आपण एवढी वर्षे बोलतो, तेव्हा काटा बरोबर हवा आणि गाडीही सुखरूप हवी, अशी मागणी करण्यात गैर काय?

उपाय सगळ्यांना माहीत असलेले आहेत. पहिला, गरजेपुरताच वायू ओढावा; मिनिटाला एक लिटरऐवजी अर्धा लिटर पुरत असेल तर सोडणेही निम्मे होते. दुसरा, अनेक यंत्रांच्या नळ्या एका मोठ्या पाइपात घ्याव्यात, त्या पाइपाचा दाब स्थिर ठेवणारे साधन लावावे आणि तो वायू परत प्रक्रियेत, बॉयलरमध्ये किंवा जाळण्याच्या चिमणीत न्यावा. बायोगॅसच्या ठिकाणी तर गॅसधारकाचा दाब अगदी कमी असतो, छोट्या पंपाने वायू परत तिथेच ढकलता येतो आणि वाया जाणारा गॅसही वाचतो. तिसरा, जिथे जमेल तिथे पाइपातच किरण टाकून मोजणारे यंत्र बसवावे, म्हणजे वायू बाहेर ओढावाच लागत नाही. चौथा आणि सर्वांत स्वस्त, कोणतीही नळी बंद खोलीत सोडू नये, केबिनला पंखा असावा आणि आत गॅस झाला तर ओरडणारा भोंगा असावा.

या लहान गोष्टी सोडून दिल्या की काय होते ते मुंबईत माहुलच्या कोळी बांधवांना विचारा. चेंबूरच्या त्या गावाभोवती तेलशुद्धीकरण कारखाने आणि रसायनांच्या टाक्या. टाक्या भरताना, टँकर भरताना निसटणारी वाफ थोडी थोडी, पण रोजची. गावकरी राष्ट्रीय हरित लवादाकडे गेले; चारुदत्त कोळी विरुद्ध सी लॉर्ड कंटेनर्स हे ते प्रकरण. डिसेंबर २०१५ मध्ये लवादाने हवा दूषित असल्याचे मान्य केले आणि १३ ऑगस्ट २०२० रोजी एचपीसीएल, बीपीसीएल, एजिस लॉजिस्टिक्स आणि सी लॉर्ड या चौघांवर मिळून २८६ कोटी रुपयांची भरपाई बसवली. माहुलमध्ये एखादा स्फोट होऊन हे घडलेले नाही. ज्याला कारखान्याच्या वहीत ‘किरकोळ’ म्हणतात, त्याची ही बेरीज होती. आणि ती बेरीज मांडायला साध्या मच्छीमार गावकऱ्यांना पुढे यावे लागले.

अमेरिकेसारख्या देशातही अॅनालायझरची नळी बराच काळ किरकोळच धरली जात होती. तिथल्या तेलशुद्धीकरण कारखान्यांच्या नियमांत व्हेंटची व्याख्या होती, पण चालू अॅनालायझरची नळी तिच्यातून वगळलेली होती. २०१५ मध्ये नियम सुधारले आणि १ फेब्रुवारी २०१६ पासून ही सूट संपली. आपल्याकडेही मार्च २००८ मध्ये तेलशुद्धीकरण कारखान्यांना झडपा, पंप यांची गळती शोधून दुरुस्त करण्याचा कार्यक्रम सक्तीचा झाला. म्हणजे किरकोळ मोजावे लागते हे सरकारलाही पटलेले आहे. आपल्या भागातल्या डिस्टिलरींच्या आणि गॅस प्रकल्पांच्या नळ्यांपर्यंत ते पोहोचवायचे एवढेच बाकी आहे.

आकडा आपल्या भाषेत का नको?

आता काही वाचक म्हणतील, सीमाप्रश्न सोडून पत्रकात हे गॅसचे पुराण कशाला? आमचे उत्तर असे, की हा सीमाप्रश्नाचाच भाग आहे. महाराष्ट्राने २००४ साली सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला, निकाल लागेल तेव्हा लागेल. पण तोवर आपण इथे श्वास घेतो आहोत. आणि हवा कोणत्या राज्याची हे तिला माहीत नसते. कागल-हातकणंगलेची पंचतारांकित औद्योगिक वसाहत निपाणीपासून हाकेच्या अंतरावर आहे. दूधगंगा, वेदगंगा तिकडून इकडे येतात. तिकडे महाराष्ट्राचे मंडळ, इकडे कर्नाटकाचे मंडळ. दोन राज्य मंडळांत समन्वय ठेवण्याचे काम कायद्याने केंद्रीय मंडळावर टाकलेले आहे, ते त्याला करायला लावणे हे आपल्या लोकप्रतिनिधींचे काम आहे.

दुसरी गोष्ट भाषेची. सर्वोच्च न्यायालयाच्या ऑक्टोबर २००३ च्या आदेशानंतर धोकादायक रसायने वापरणाऱ्या कारखान्यांनी दारावर फलक लावून आपण काय वापरतो, हवेत-पाण्यात काय सोडतो ते लोकांना दाखवायचे आहे. आपल्या खेड्यांतली म्हातारी माणसे, शेतावरच्या बाया, रातपाळीचे मजूर मराठी वाचतात. त्यांना न कळणाऱ्या भाषेत धोका लिहिला तर तो लिहिला काय आणि न लिहिला काय! भाषिक अल्पसंख्याकांसाठीच्या देशपातळीवरील संरक्षण योजनेत, जिल्ह्यात वा तालुक्यात १५ टक्के वा अधिक लोक जी भाषा बोलतात तिच्यात महत्त्वाच्या सूचना द्याव्यात असे ठरलेले आहे. जून २०२० मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने पर्यावरणविषयक मसुदा आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत, म्हणजे मराठीतही, काढायला सांगितले होते. केंद्र सरकार त्याविरुद्ध वर गेले हे खरे, पण आपला मुद्दा एका उच्च न्यायालयाला पटला होता हेही तितकेच खरे. कर्नाटकात २०२४ पासून फलकांवर ६० टक्के कन्नड सक्तीचे झाले आहे. ठीक आहे. उरलेल्या ४० टक्क्यांत धोक्याच्या चार ओळी मराठीत बसायला अडचण काय? कन्नड भाषेशी आमचे वैर नाही. शेजारचा कन्नड मजूरही त्याच केबिनमध्ये बसतो आणि त्याचेही डोके ठणकते.

आपण काय करायचे?

सगळा दोष सरकारवर टाकून मोकळे होणे आम्हाला पटत नाही. या भागातल्या अनेक सहकारी कारखान्यांचे सभासद आपलीच जुनी घराणी आहेत. आजोबांच्या नावाचा शेअर नातवाच्या नावावर झाला, सभासदाची साखर आपण दरवर्षी न चुकता उचलतो. वार्षिक सभेत दरावर, हप्त्यावर, काट्यावर आपण तासतासभर भांडतो आणि भांडावेच. पण त्याच सभेत उभे राहून कारखान्याच्या हवेबद्दल प्रश्न विचारलेला सभासद आम्ही पाहिलेला नाही. आम्हीही कधी विचारलेला नाही, हे कबूल केले पाहिजे.

म्हणून येत्या सभेला जाताना अहवालाच्या मागच्या कोऱ्या पानावर पाच प्रश्न लिहून न्यावेत. आपल्या कारखान्यात, डिस्टिलरीत, गॅस प्रकल्पात अॅनालायझर किती आहेत? प्रत्येकाची व्हेंटची नळी कुठे सुटते? त्यांतली एखादी बंद खोलीत किंवा माणसाच्या डोक्याच्या उंचीवर आहे काय? तो वायू परत प्रक्रियेत का नेला जात नाही? आणि केबिनमध्ये गॅसचा भोंगा आहे काय, तो शेवटचा कधी तपासला? पाचही उत्तरे इतिवृत्तात लिहून घ्यावीत. एकदा इतिवृत्तात आले की पुढच्या वर्षी “त्याचे काय झाले” असे विचारता येते.

जे कारखाने खासगी आहेत तिथे माहितीचा अधिकार आहे. मंडळाने दिलेल्या संमतिपत्राची प्रत मागावी. २००५ च्या या कायद्यात माहिती देताना स्थानिक भाषेचा विचार करावा असे कलम ४ मध्ये स्पष्ट आहे. अर्ज इंग्रजी, हिंदी किंवा त्या भागाच्या राजभाषेत करता येतो. तेव्हा मराठी अर्ज परत आला तर निराश न होता हिंदीत लिहावा, लिपी तर आपलीच आहे. आणि आपल्या संघटनेला आमची विनंती आहे, की आयटीआय, डिप्लोमा झालेल्या मुलांची एक बैठक बोलवावी. यंत्रे त्यांना कळतात, कायदा आपल्यातल्या वकिलांना कळतो, हिशेब आमच्यासारख्यांना जमतो. तिघे एकत्र बसले तर गावोगावी पुरेल एवढी एक मराठी पुस्तिका सहज तयार होईल. नोकरीच्या भीतीने मुले नाव देणार नाहीत, तर नावाशिवाय त्यांचे ऐकावे.

आमच्या ओळखीतल्या त्या मुलाची नळी आता भिंतीबाहेर आहे. तो म्हणतो डोके दुखायचे थांबले. पण बाहेर म्हणजे कुठे? कंपाउंडच्या पलीकडे उसाचे शेत आहे आणि शेतात सकाळी पाण्याची पाळी द्यायला माणूस येतो. तोही आपलाच आहे. त्या नळीची नोंद कोणाच्या तरी वहीत झाली पाहिजे.

जय महाराष्ट्र!